गाण्याचा विकता न येणारा वाटा

संगीतावर कॉपीराइट नसेल तर कलावंताने जगायचे कसे, हा प्रश्न बहुधा चित्रपटसंगीत डोळ्यांसमोर ठेवून विचारला जातो. सोलापुरात तो विचारायचा झाला, तर कलावंत कोणाला म्हणायचे हे आधी पाहावे लागते. गड्ड्याच्या यात्रेत हलगी वाजवणारा येथे कलावंत आहे. तसाच जागरण-गोंधळात संबळ घुमवणारा गोंधळी, आराधी मेळ्यात गाणारी बाई, पूर्व भागातल्या लग्नांत तेलुगू गाणी म्हणणारा गायक, मोडनिंबच्या कलाकेंद्रात बारी रंगवणारी लावणी कलावती, १४ एप्रिलच्या आगेमागे गावोगाव फिरणारी भीमगीतांची गायन पार्टी, हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, आणि यांतल्या कोणाबरोबरही मंचावर न दिसणारा, घरी बसून गाणी लिहिणारा कवी. या सगळ्यांचे घर गाण्यावर चालते, परंतु प्रत्येकाकडे पैसा येण्याची वाट निराळी आहे, आणि म्हणून कॉपीराइट हवा की नको याचे उत्तरही प्रत्येकासाठी निराळे निघते.

मी हिशेब लिहिणारा माणूस आहे. बँड पथके, मंडपवाले, ऑर्केस्ट्रावाले आणि काही गायकांचे संच यांच्या वह्या व विवरणपत्रे माझ्याकडे असतात, आणि भजनी मंडळात पेटीवर बसत असल्यामुळे ही माणसे हिशेबाव्यतिरिक्तही माझ्याशी बोलतात. या विषयावर माझे जे मत झाले आहे, ते या वह्यांतून आणि मला दाखवल्या गेलेल्या काही कागदांतून झाले आहे.

एका बँड पथकाची वही पाहा. लांबट, लाल कापडी बांधणीची, उभ्या रेघा हाताने मारलेली. तारीख, गाव, वेळ, इसार, बाकी, माणसे, गाडी असे तिचे रकाने आहेत. तुळशीच्या लग्नानंतर तिची पाने भरू लागतात ती पावसाळ्यापर्यंत; पुढे चातुर्मासात गणपती आणि नवरात्र एवढीच काय ती जाग, मधली पाने कोरी. बाकीच्या रकान्यात काही ठिकाणी ‘पोच’ आणि काही ठिकाणी ‘बारशाला देतो’ असे लिहिलेले आहे. क्लॅरिनेटवाल्याची मजुरी ढोलवाल्यापेक्षा जास्त, कारण त्याच्यावाचून चाल उभी राहत नाही. ज्या गावाने मागल्या हंगामात बाकी बुडवली त्या गावापुढे लाल फुली. या वहीत रॉयल्टीचा, म्हणजे गाणे पुढे वापरले जाईल तसतशा मिळणाऱ्या वाट्याचा, रकाना नाही आणि तो असावा असे मालकांना कधी वाटलेलेही नाही. वाजवले की पैसे, न वाजवले की नाहीत. लावणीच्या बैठकीत दौलतजादा होते तीही समोर बसलेल्या रसिकाच्या खिशातून, आणि गोंधळ्याला बिदागी व शिधा मिळतो तोही त्याच रात्री, त्याच अंगणात. देशातला कॉपीराइट कायदा उद्या रद्द झाला, तरी या वहीतली एक ओळ बदलणार नाही.

कायदा येण्याआधीही येथे संगीत होतेच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरातच जन्मलेल्या शाहीर राम जोशींना कोणत्याही कायद्याने त्यांच्या लावण्यांचे मालक केले नव्हते. आश्रयदाते होते, बिदागी होती, आणि त्यांच्या लावण्या दोनशे वर्षे कोणीही म्हणू शकत होते. मात्र रचना सर्वांची असली तरी तिच्यावरचे नाव पुसायचे नाही, अशी जाण आपल्याकडे फार जुनी आहे. संतांच्या अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा असते, शाहिराच्या लावणीत ती असते, ख्यालाच्या बंदिशीतही सदारंगाचे नाव गाणाऱ्याच्या तोंडून आपोआप उच्चारले जाते. कोणीही गावे, पण कोणाचे आहे ते सांगून गावे, ही रीत पैशाशी जोडलेली नव्हती. नाव आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवायला हवे, कारण आजच्या व्यवहारात कवीचे हे दोन्ही एकाच वेळी जाते.

मंचावर उभ्या राहणाऱ्या कलावंताला नकलेचा तोटा होत नाही, उलट फायदाच होतो, हेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. कॅसेटच्या काळात जत्रेत विकल्या जाणाऱ्या कॅसेटींच्या नकला घराघरांत होत असत, आणि ज्या गायकाची कॅसेट जास्त गावांत वाजे त्याच्या तारखा जास्त लागत. आज त्याच गायकाच्या व्हिडिओवर, गाण्याच्या पहिल्या ओळीबरोबरच, ‘सुपारीसाठी संपर्क’ असे लिहून मोबाइल क्रमांक दिलेला असतो. तो व्हिडिओ कोणी उतरवून दुसरीकडे टाकला तर क्रमांकही त्याच्याबरोबर जातो. अशा गायकाला नक्कल थांबवून काहीही मिळवायचे नाही. चळवळीतल्या गाण्याचे तर त्याहूनही वेगळे असते. बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गात होते तेव्हा ते गाणे हजारो कंठांत जावे हाच त्यांचा हेतू होता, आणि तेथे परवानगीची भाषा कोणी केली असती तर ती त्यांनाच खटकली असती, असे मला वाटते.

ऑर्केस्ट्राच्या गायकासाठी तर कॉपीराइट हे उत्पन्न नसून खर्च आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात तिकीट लावून जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम करायचा असेल, तर शब्द आणि चाल यांच्या जाहीर सादरीकरणासाठी आयपीआरएस या, गीतकार-संगीतकारांच्या वतीने वसुली करणाऱ्या संस्थेचा परवाना लागतो. त्यात मूळ ध्वनिमुद्रण वाजवायचे असेल तर त्याच्या मालकाचा परवाना वेगळा. हा खर्च आयोजकाने करायचा असतो, पण अंदाजपत्रक आवळले की तो कलावंताच्या मानधनातून निघतो, हे मी हिशेबात पाहिले आहे. विनामूल्य श्रोत्यांपुढे हौशी मंडळाने केलेल्या सादरीकरणाला कायद्याने सूट दिली आहे, त्यामुळे आमच्या भजनी मंडळासारख्यांना ही चिंता नाही. लग्नालाही सूट आहे. धार्मिक विधीत लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर समारंभ येतात असे कायद्यातच स्पष्टीकरण आहे, आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने लग्नात वाजणाऱ्या गाण्यांसाठी रॉयल्टी मागू नये अशी सूचनाही काढली. मांडवात पावतीपुस्तक घेऊन कोणी उभे राहू नये, हे मला मान्य आहे. तरीही त्याचा एक परिणाम नोंदवतो. बँडवाल्यांच्या तारखा ज्याने खाल्ल्या तो डॉल्बी मुद्रित गाणीच वाजवतो. मुद्रित गाण्यामागच्या क्लॅरिनेटवाल्याला वरातीतून काही मिळत नाही, आणि वरातीतल्या जिवंत क्लॅरिनेटवाल्याचे काम गेलेले असते. आमच्या भागातल्या वाजवणाऱ्यांचे जे खरे नुकसान झाले आहे ते चोरीच्या नकलांनी केलेले नाही, आणि कॉपीराइट कितीही कडक केला तरी ते भरून निघणार नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर कलावंताला कॉपीराइटची गरज नाही असेच म्हणावे लागले असते, आणि तसे म्हणणारे मित्र मला आहेत. परंतु मंचावर न दिसणारा तो कवी राहिलाच. नकलेमुळे गायकाच्या तारखा वाढतात, कवीला तारखाच नसतात. चाल बांधणारा जर स्वतः गात नसेल तर त्याचीही तीच स्थिती. त्यांची मेहनत गाणे लिहून आणि बांधून होते त्या दिवशी संपते, आणि त्या गाण्यातून पैसा मात्र पुढची कित्येक वर्षे दुसऱ्याच्या सादरीकरणातून निर्माण होत राहतो.

ही अडचण जगात प्रथम ज्यांनी कायद्यापुढे नेली ते पॅरिसचे संगीतकार होते. १८४७ मध्ये अर्नेस्ट बूर्जे नावाचा गीतकार-संगीतकार एका उपाहारगृहात बसला असता तेथे त्याचेच संगीत वाजत होते. माझ्या कामाचे पैसे तुम्ही देत नाही तर तुमच्या पेयाचे मी देणार नाही, अशी भूमिका त्याने घेतली. वाद न्यायालयात गेला, निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि त्यातून १८५१ मध्ये सासेम ही संगीतकारांची वसुली संस्था उभी राहिली. आपल्याकडची आयपीआरएस १९६९ ची. उपाहारगृह, सभागृह, आकाशवाणी अशा शेकडो ठिकाणी एकटा कवी फिरू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने एकच संस्था फिरते आणि वाटप करते, ही त्यामागची कल्पना आहे.

आता मला दाखवलेल्या कागदाविषयी सांगतो. आमच्याच जिल्ह्यातल्या एका दिवंगत कवींचे चिरंजीव काही महिन्यांपूर्वी तो घेऊन आले होते. कॅसेटच्या भरभराटीच्या काळातले, स्टॅम्प पेपरवर टंकलेले दीड पानाचे करारपत्र. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली, कार्बनची प्रत असल्यामुळे अक्षरे निळसर फिकट झालेली. गाण्यांची पहिली ओळ आणि पुढे रक्कम, एवढा तक्ता आहे. त्याखाली ‘सदर गीतांचे सर्व हक्क कायमस्वरूपी कंपनीकडे राहतील व याबद्दल लिहून देणार यांची पुढे कोणतीही तक्रार राहणार नाही’ असे वाक्य आहे, आणि मग सही. सही मोठ्या, वळणदार अक्षरांतली आहे, कवीने जपून केलेली. त्या तक्त्यातले एक देवीचे गाणे आजही जत्रेत लागते. चिरंजीवांनी मोबाइलवर ते काढून दाखवले. व्हिडिओखाली कंपनीचे नाव होते, गायकाचे नाव होते, आणि गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असे छापलेले होते. “साहेब, पैशाचं पुढचं पुढं बघू, आमच्या वडलांचं नाव तरी लावा म्हणावं त्यांना,” एवढेच त्यांचे म्हणणे होते.

या गृहस्थांच्या वडिलांना कॉपीराइट नव्हता असे नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे, जो २१ जानेवारी १९५८ पासून लागू आहे, गाणे लिहिल्याक्षणी तो हक्क कवीचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, शुल्क भरावे लागत नाही. म्हणजे हक्क त्यांच्याकडे होता. तोच कायदा तो हक्क एका दुपारी, एका सहीने, पूर्णपणे विकून टाकायची मोकळीकही देत होता. ज्याच्या घरी मुलीचे लग्न काढलेले आहे तो कवी आणि ज्याच्याकडे वकील आहे ती कंपनी समोरासमोर बसले, की हा हक्क कोणाकडे जाणार हे सही होण्याआधीच ठरलेले असते. ज्या हक्काचे वर्णन कलावंताची मालमत्ता असे केले जाते, तो विकता येतो म्हणूनच कलावंताकडे राहत नाही. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

चित्रपटांत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी पार्श्वगायकांना रॉयल्टीत वाटा मिळावा असा आग्रह धरला, त्यावरून महंमद रफींशी त्यांचे मतभेद झाले आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणी गायली नाहीत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयपीआरएसच्या खटल्यात असा निर्णय दिला की, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गीत-संगीताचा मालक निर्माताच. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जोडलेली टिप्पणी मला फार मोलाची वाटते. आपल्या कायद्यातली संगीताची व्याख्या कागदावर उतरवलेल्या स्वररचनेपुरती आहे, गाणाऱ्याच्या गळ्याला आणि त्याच्या आविष्काराला तीत स्थान नाही, आणि हे भारतीय परंपरेला धरून नाही, असे त्यांनी लक्षात आणून दिले आणि संसदेने यात लक्ष घालावे असे सुचवले.

कागदावरच्या व्याख्येचा हा मुद्दा आमच्या भागातल्या कलावंतांना थेट लागू पडतो. गोंधळ्याचे, आराध्यांचे, हलगीवाल्याचे संगीत कागदावर कधी नव्हतेच. ते बापाकडून मुलाकडे हातातून आणि कानातून आले. १९९४ च्या दुरुस्तीने व्याख्येतली लेखनाची अट गेली आणि त्याच दुरुस्तीने गायक-वादकांना सादरकर्त्यांचे हक्कही प्रथमच मिळाले. म्हणजे १९५७ च्या कायद्यानंतरची जवळजवळ चाळीस वर्षे या देशातले बहुसंख्य संगीत कायद्याच्या दृष्टीने संगीतच नव्हते. त्या काळात ज्यांच्या चाली मुद्रित झाल्या, त्यांना हक्क मागायला आधारच नव्हता.

पुढची मोठी दुरुस्ती २०१२ ची. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिच्यासाठी आग्रहाने बाजू मांडली, आणि २१ जून २०१२ पासून ती लागू झाली. गीतकाराने व संगीतकाराने आपला हक्क निर्मात्याला किंवा कंपनीला दिला, तरी चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता त्या गाण्याच्या इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत त्यांचा समान वाटा राहतो, आणि हा वाटा वारसांशिवाय किंवा वसुली करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेशिवाय कोणालाही देता येत नाही; तसा करार केला तरी तो व्यर्थ ठरतो. जे माध्यम करार करताना अस्तित्वात नव्हते, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय दिले असे मानले जात नाही, अशीही तरतूद त्यात आहे. गायक-वादकांनाही व्यापारी वापरातून रॉयल्टी मिळण्याचा हक्क त्याच वेळी स्पष्टपणे लिहिला गेला.

कॉपीराइटमधला मला आवश्यक वाटणारा भाग हा आहे. मालकी कोणाकडेही असो, कवीचा वाटा विकता येत नाही. गरजेपोटी, अज्ञानापोटी किंवा भिडेपोटी सही केली, तरी तो सुटत नाही. कलावंताच्या पोटासाठी कायद्याने जे करायला हवे ते एवढेच आहे, असे मी म्हणेन. उरलेला भाग, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालणारी हस्तांतरणीय मालकी आणि प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालणारा ध्वनिमुद्रणाचा हक्क, हा प्रामुख्याने ज्यांच्याकडे जुनी मुद्रणे साठलेली आहेत त्यांच्या उपयोगाचा आहे. ही मुदत कमी केली तर आमच्या जिल्ह्यातल्या एकाही कलावंताची भाकरी कमी होईल असे मला दिसत नाही. कितीतरी शाहिरांची मुद्रणे विकलीही जात नाहीत आणि मोकळीही होत नाहीत. घेतलेला हक्क वर्षभर वापरला नाही तर तो परत जातो, असे कायदा म्हणतो, पण करारात वेगळे लिहिलेले नसेल तरच. आणि करारात वेगळे लिहिलेले नेहमीच असते.

यावर कोणी विचारेल की, २०१२ ला इतका चांगला कायदा झाला, तर देवीच्या त्या गाण्याचे पैसे अजून का आले नाहीत. पहिले कारण असे की, तो करार दुरुस्तीच्या कितीतरी आधीचा आहे, आणि जुन्या करारांना नव्या तरतुदी किती लागू होतात हा वकिलांच्या वादाचा विषय आहे. दुसरे कारण जास्त साधे आणि जास्त कटू आहे. वाटप करणाऱ्या संस्थेच्या यादीत गाणे आणि त्यापुढे गीतकाराचे नाव असेल तरच पैसे त्या नावाकडे जातात. ज्या गाण्यापुढे ‘पारंपरिक’ लिहिले आहे, त्याला वाटेकरीच उरत नाही. एका शब्दाने कवीचे नाव गेले आणि त्याबरोबर त्याचा वाटाही गेला.

याच्या अगदी उलट प्रकारही घडतो, आणि तो आमच्या भजनी मंडळाच्याच वाट्याला आला. तुकोबांचा अभंग, वारकरी संप्रदायात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाल, गाणारे आम्हीच, टाळ-मृदंग-पेटी आमचीच. एकादशीला त्याचे चित्रीकरण करून एका संकेतस्थळावर ठेवले, तर एका कंपनीचा मालकीहक्काचा दावा आला. त्या कंपनीने तोच अभंग त्याच चालीत मुद्रित केला होता, आणि संगणकाला दोन्ही सारखे वाटले. गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात हे तेथे समजावून सांगावे लागले. अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत. चाल परंपरेची असेल तर सर्वांची, एखाद्या आधुनिक संगीतकाराने बांधलेली असेल तर त्याची. आणि ध्वनिमुद्रण ज्याने केले त्याचे. कंपनीचा हक्क फक्त तिच्या मुद्रणापुरता होता. आमच्या तरुण मृदंगवादकाने हरकत नोंदवली, दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत होती, उत्तर आले नाही आणि दावा गळून पडला. ज्यांच्यात असा अर्ज करणारा कोणी नसतो, त्यांच्या कीर्तना-भजनावरचा दावा तसाच राहतो. कवीने लिहिलेले गाणे ‘पारंपरिक’ ठरते आणि परंपरेचे गाणे कंपनीचे ठरते. हे दोन्ही एकाच व्यवस्थेत शेजारी शेजारी घडते, आणि दोन्ही ठिकाणी ज्याच्याजवळ कागद आहे त्याची सरशी होते.

ऑनलाइन ऐकण्यातून लहान कलावंताला चार पैसे मिळतील अशी आशा मलाही होती. तेथे बहुतेक ठिकाणी सर्व वर्गणीचा व जाहिरातीचा पैसा एकत्र करून एकूण ऐकण्यातल्या हिश्शाप्रमाणे वाटला जातो. स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या सेवेवर तर २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला मुद्रणाची रॉयल्टी मिळतच नाही. आराधी मेळ्याच्या किंवा हलगीच्या मुद्रणाला या पद्धतीत काय मिळणार, हे सांगायला हिशेबनिसाची गरज नाही.

तरीही त्या वाट्याचा आग्रह मी सोडत नाही, आणि त्याचे कारण म्हातारपण हे आहे. बिदागीवर जगणाऱ्याचे उत्पन्न शरीराबरोबर थांबते. पुढचे दात गेले की क्लॅरिनेट सुटते, श्वास कमी पडला की सनई सुटते, गुडघे गेले की लावणी सुटते. ज्या वहीविषयी वर लिहिले तिच्यात काही नावे एका पानापर्यंत दिसतात आणि पुढे दिसत नाहीत. त्यांतले एक वादक आता मंगल कार्यालयात पहाऱ्यावर असतात. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलाकारांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, तीत दरमहा ५,००० रुपये मिळतात, आणि ज्यांना ते मिळतात त्यांच्या घरी त्याची किंमत मोठी आहे. पण ती निवड समितीने निवडलेल्यांना मिळते. ज्या माणसाचे गाणे त्याच्या म्हातारपणीही दर जत्रेत वाजते आहे, त्याला अर्ज घेऊन उभे राहावे लागू नये. त्याच्या गाण्यातून पैसा येतो आहे, तो फक्त त्याच्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या गीतकारांना आणि चाल बांधणाऱ्यांना मी काही गोष्टी सांगत असतो, त्या येथेही लिहून ठेवतो. कराराची प्रत हातात मिळाल्याशिवाय गाणे देऊ नये. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरतो, त्यामुळे छापील मसुद्यातल्या ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ या दोन शब्दांवर थांबून बोलावे. गीतकार आणि संगीतकार अशी दोन्ही नावे गाण्याबरोबर छापली जातील असे लिहून घ्यावे. गीताची किंवा चालीची नोंदणी करायची असेल तर कॉपीराइट कार्यालयाचे शुल्क प्रत्येक कृतीला ५०० रुपये आहे. सक्ती नसली तरी वादाच्या वेळी ते प्रमाणपत्र उपयोगी पडते. आयपीआरएसचे सभासदत्व घ्यावे, आणि ते घेतल्यावर आपल्या गाण्यांची यादी तेथे स्वतः भरावी, कारण आपल्याऐवजी ती कोणी भरत नाही. दावा करायचीच वेळ आली तर मुंबईला जावे लागेल, या भीतीने लोक गप्प बसतात. कॉपीराइटच्या उल्लंघनाचा दावा दावेदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयातही दाखल करता येतो, म्हणजे आपल्यासाठी सोलापुरातच.

देवीच्या गाण्याच्या बाबतीत आम्ही नावापासून सुरुवात केली आहे. आपल्या कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क लेखकाने सर्व हक्क विकल्यानंतरही त्याच्याकडे राहतो, आणि त्याच्यामागे तो त्याच्या कायदेशीर वारसांना बजावता येतो. त्या आधारावर, ‘पारंपरिक’ हा शब्द काढून वडिलांचे नाव लावावे, असे पत्र चिरंजीवांच्या सहीने कंपनीला गेले आहे. उत्तर अजून आलेले नाही. आयपीआरएसमध्ये वारस म्हणून सभासद होण्याचे कागदही भरतो आहोत. आता शोध आहे तो त्या मूळ कॅसेटीच्या आतल्या घडीच्या छापील कागदाचा. प्रसिद्ध झालेल्या प्रतीवर ज्याचे नाव कर्ता म्हणून छापलेले असते, तोच कर्ता असे न्यायालय गृहीत धरते आणि ते खोटे ठरवण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूवर येते. चिरंजीवांच्या आठवणीप्रमाणे त्या कागदावर ‘गीत’ या शब्दापुढे त्यांच्या वडिलांचे नाव होते, पण त्यांच्या घरची प्रत पावसात गेली. जिल्ह्यात ज्यांच्याकडे देवीच्या, भीमगीतांच्या, लोकगीतांच्या जुन्या कॅसेटी पडून आहेत, त्यांनी त्या भंगारात देण्यापूर्वी आतला कागद काढून घ्यावा आणि त्यावरच्या नावांचे मोबाइलवर स्वच्छ छायाचित्र काढून ठेवावे. टेप खराब झालेली असली तरी चालेल.